मोबाईलवर एसडीआर चालवताय? आधी या चुका टाळा

"ॲप बेकार आहे, नुसती खरखर येतेय" हे मी इतक्यांदा ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मीपण हेच बोंबलत होतो, की आता कोणी असं म्हणालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, केबल कुठली लावलीय? कारण सॉफ्टवेअर डिफाइंड रेडिओ (एसडीआर), म्हणजे सिग्नल उलगडायचं काम सॉफ्टवेअरवर सोपवणारा रेडिओ, फोनवर चालवताना ॲपचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. त्याच्याआधी अँटेना, डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रिसीव्हर), केबल, फोनचं यूएसबी, ड्रायव्हर अशी मोठी रांग आहे आणि घोळ बहुतेक वेळा त्या रांगेतच असतो, पण स्क्रीनवर दिसतं ते ॲप म्हणून शिव्या त्याला.

नुसतं ॲप टाकलं की रेडिओ चालू होईल असं वाटणं

नाही होणार. फोनमध्ये वायफाय, ब्लूटूथ, मोबाईल नेटवर्क असे सतरा रेडिओ असले तरी त्यांचा कच्चा डेटा ॲपला मिळत नाही, त्यामुळे बाहेरून रिसीव्हर लावावाच लागतो. सगळ्यात प्रचलित म्हणजे आरटीएल-एसडीआर डोंगल. हा मुळात टीव्ही बघायचा यूएसबी डोंगल, त्यातली आरटीएल२८३२यू ही चिप कच्चे सॅम्पल (सिग्नलचे मोजलेले आकडे) सरळ बाहेर देऊ शकते हे २०१२ च्या सुमारास हौशी लोकांना कळलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं. आर८२०टी२ ट्यूनरवाला डोंगल साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ ऐकतो. म्हणजे मीडियम वेव्ह, शॉर्टवेव्ह सरळ त्यात येत नाही. हे न बघता "७ मेगाहर्ट्झवर काहीच नाही" म्हणून डोकं आपटणारे कमी नाहीत, त्यासाठी डायरेक्ट सॅम्पलिंग मोड (ट्यूनरला वगळून सिग्नल सरळ चिपला देणारा) किंवा अपकन्व्हर्टर (खालची फ्रिक्वेन्सी वर सरकवणारं यंत्र) लागतो.

आयफोनवाल्यांनी डोंगल सरळ फोनला लावायच्या भानगडीत पडूच नका. डोंगल दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायचा, तिथे आरटीएल-टीसीपी (डोंगलचा डेटा नेटवर्कवर पाठवणारा प्रोग्रॅम) चालवायचं आणि फोनवरून वायफायने जोडायचं. किंवा ब्राउझरमध्ये इंटरनेटवरून ऐकायचे दुसऱ्यांचे रिसीव्हर, म्हणजे किवीएसडीआर नाहीतर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर उघडायचा, तिथे शून्य पैशात ३० मेगाहर्ट्झच्या खालचा बँड ऐकता येतो. फक्त एवढं लक्षात ठेवा की तिथे तुम्ही त्यांच्या गावची अँटेना ऐकताय, तुमच्या घरावरून चाललेलं विमान त्यात शोधू नका.

केबल आणि पॉवर

माझ्या दोन संध्याकाळी इथेच गेल्या. डोंगल लावला, त्यावरचा दिवा लागला, ॲप म्हणतंय डिव्हाइस सापडला नाही. ॲप काढलं, परत टाकलं, दुसरं टाकलं, फोन रिस्टार्ट केला, शेवटी फोन रिसेट करायच्या विचारात होतो तेवढ्यात घरातली दुसरी केबल सहज लावून बघितली आणि परमिशनची खिडकी धाडकन समोर. आधीची केबल नुसती चार्जिंगची होती, आत डेटाच्या वायरीच नाहीत. दिवा लागला याचा अर्थ फक्त करंट पोचला, बाकी काही नाही.

मायक्रो यूएसबीच्या फोनला साधी केबल चालत नाही, ओटीजीवालीच (फोनला यूएसबी उपकरण जोडू देणारी) लागते, तिच्यात आयडी नावाची पिन ग्राउंडला जोडलेली असते आणि त्यावरूनच फोनला कळतं की आता आपण मालक, समोरचा नोकर. टाइप-सीमध्ये हेच काम सीसी पिनवरचा रेझिस्टर करतो, आणि स्वस्तातल्या काही ॲडॉप्टरमध्ये तो नसतोच. शिवाय काही फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी हाताने चालू करावं लागतं आणि थोडा वेळ काही जोडलं नाही की ते गुपचूप बंद होतं, काल चाललं आज का नाही याचं उत्तर बऱ्याचदा हे.

पॉवरचं वेगळंच. डोंगल २५० ते ३०० मिलीअँपिअर खातो, फोनच्या बॅटरीतूनच. बॅटरी खाली आली की काही फोन यूएसबीची पॉवर कापतात, मग डोंगल मधूनच गायब होतो, परत येतो, परत गायब. हॅकआरएफसारखं मोठं बोर्ड लावलंत तर हे अजून लवकर होईल. यावर उपाय म्हणजे बाहेरून पॉवर घेणारा ओटीजी हब. पण मग चार्जरची घाण आत येते, ती पुढे सांगतो.

ड्रायव्हरकडे दुर्लक्ष

अँड्रॉइडवर बऱ्याच ॲपना वेगळं ड्रायव्हर ॲप लागतं, आरएफ ॲनालायझरची जुनी आवृत्ती आणि एसडीआर टच ही त्यातलीच. ड्रायव्हर डोंगलशी बोलतो आणि ॲपला आतल्या आत नेटवर्कसारखा डेटा देतो. एसडीआर प्लस प्लसच्या अँड्रॉइड आवृत्तीत मात्र ड्रायव्हर आतच आहे. आता गंमत अशी की डोंगल एका वेळी एकाच ॲपच्या ताब्यात राहू शकतो, आणि लावल्या लावल्या फोन विचारतो कुठलं ॲप उघडू, आपण घाईत कायतरी दाबतो, "नेहमी" वर टिक करतो, आणि मग दुसऱ्या ॲपला डोंगल मिळतच नाही. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपचे डिफॉल्ट काढून टाका, डोंगल काढून परत लावा.

आणि डोंगल नवीन व्हर्जन ४ असेल, म्हणजे आर८२८डी ट्यूनरवाला, तर जुना ड्रायव्हर चालणार नाही. हा प्रकार फसवा आहे कारण फोनला डोंगल दिसतो, ॲप सुरू होतं, वॉटरफॉल, म्हणजे सिग्नलचं रंगीत चित्र, पण सरकतो, पण धड सिग्नल एकही नाही. माणूस अँटेनाच्या मागे लागतो. ड्रायव्हर अपडेट करा आधी.

गेन फुल्ल करणं

ही चूक मात्र सगळेच करतात आणि सगळ्यात जास्त नुकसान हिनेच होतं. सिग्नल कमजोर वाटतो म्हणून गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) शेवटपर्यंत ढकलायचा, ४९.६ डीबी, बस. लक्षात घ्या, या डोंगलमध्ये ८ बिटचा कन्व्हर्टर आहे, त्याच्यात बारीक आणि दणदणीत सिग्नल एकत्र झेपवायची ताकद फार नाही, ५० डीबीच्या आसपास सगळा खेळ. जवळ कुठे एफएमचा टॉवर असेल तर तो एकटाच पूर्ण रिसीव्हर भरून टाकतो आणि मग ८८ ते १०८ च्या बाहेरसुद्धा गाणी ऐकू यायला लागतात, विमानांच्या बँडवर निवेदिका बोलतेय असलं काहीतरी. तुम्हाला वाटतं काय जबरदस्त रिसेप्शन आहे. ते भूत असतं.

भूत की खरा हे ओळखायची सोपी युक्ती, गेन १० डीबीने खाली आणा. खरा सिग्नल साधारण तेवढाच खाली येतो, भूत धाडकन कोसळतं किंवा गायबच होतं.

बरोबर गेन कसा लावायचा? ऑटो बंद करा. अगदी कमीपासून सुरू करा, एकेक पायरी चढवत जा आणि स्पेक्ट्रमची खालची गवतासारखी रेषा, म्हणजे नॉईज फ्लोअर, तिच्यावर नजर ठेवा. सुरुवातीला गेन वाढवला की सिग्नल वर येतो पण गवत तिथेच असतं, हे चांगलं चाललंय. मग एक जागा येते जिथून पुढे सिग्नल आणि गवत दोन्ही एकत्रच वर सरकायला लागतात, म्हणजे आता फायदा शून्य, थांबा तिथेच. खात्री करायची तर अँटेना काढून बघा, गवत थोडं खाली बसलं पाहिजे, काहीच फरक पडला नाही तर गेन अजून कमी आहे. हे बँडप्रमाणे बदलतं, १०० मेगाहर्ट्झला लावलेला गेन १०९० ला तसाच चालेल असं नाही. आणि एफएमचा टॉवर फारच जवळ असेल तर एफएम बँड अडवणारा फिल्टर मधे लावा, ॲपमध्ये कितीही बटणं दाबली तरी तो प्रश्न ॲपमध्ये सुटत नाही.

सॅम्पल रेट जास्त म्हणजे भारी

३.२ लिहिलंय म्हणून ३.२ लावायचं नाही. हा डोंगल २.४ दशलक्ष सॅम्पल सेकंदाला व्यवस्थित देतो, त्यापुढे सॅम्पल गळायला लागतात आणि आवाज तुटक येतो. २.४ ला पण सेकंदाला ४.८ मेगाबाइट डेटा येतोय आणि फोनने तेवढ्यावर गणित करायचंय, वॉटरफॉल रंगवायचाय, आवाज काढायचाय, त्यात फोन गरम झाला की तो स्वतःच प्रोसेसर हळू करतो. पहिली दहा मिनिटं मस्त आणि मग कट कट सुरू झालं तर हेच कारण समजा. एक स्टेशन ऐकायला १ दशलक्ष भरपूर होतं. एफएफटी साइझ (स्पेक्ट्रमचा बारकावा) आणि फ्रेम रेट कमी करा, जाड कव्हर काढा, बॅटरी सेव्हर त्या ॲपसाठी बंद ठेवा नाहीतर स्क्रीन बंद होताच ॲप मारलं जाईल.

रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी हिशोब करून बसा. कच्चं रेकॉर्डिंग २.४ वर मिनिटाला २८८ मेगाबाइट, तासाला १७ जीबीच्या वर. मेमरी कार्ड फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं असेल तर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा, म्हणजे पंधरा मिनिटांच्या आतच रेकॉर्डिंग थांबणार, आणि ते नेमकं हवा तो क्षण यायच्या आधी थांबतं हा माझा अनुभव.

मोड चुकीचा, नाहीतर फ्रिक्वेन्सीच सरकलेली

सिग्नल दिसतोय, आवाज मात्र बोगद्यातून आल्यासारखा, तर मोड बघा. एफएम स्टेशनला डब्ल्यूएफएम (रुंद एफएम) आणि २०० किलोहर्ट्झच्या आसपास बँडविड्थ, वॉकीटॉकी टाइप गोष्टींना एनएफएम (अरुंद एफएम) आणि १२.५, विमानांना ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये एएम. विमानं एफएम का नाही असं विचारतात बरेच, तर एफएममध्ये मोठा सिग्नल लहान्याला पूर्ण गिळतो, एएममध्ये दोघं एकदम बोलले तर निदान कळतं तरी की मागे कोणीतरी आहे. हौशी रेडिओवाल्यांचं बोलणं बदकासारखं येत असेल तर साइडबँड उलटा निवडलाय, १० मेगाहर्ट्झच्या खाली साधारण एलएसबी (खालचा साइडबँड), वर यूएसबी (वरचा साइडबँड, हे यूएसबी वेगळं, केबलचं नाही).

पीपीएमचा, म्हणजे दहा लाखात किती चूक याचा, घोळ पण इथलाच. साध्या डोंगलचा क्रिस्टल ५० पीपीएमने सहज चुकलेला असू शकतो. १०० मेगाहर्ट्झला ते ५ किलोहर्ट्झ होतात, रुंद एफएमला कळत पण नाही. तेच ४३३ ला जवळपास २२ किलोहर्ट्झ, १२.५ चा चॅनल सरळ हातातून गेला. टीसीएक्सओवाला (तापमानाने न सरकणाऱ्या क्रिस्टलचा) डोंगल असेल तर हा त्रास जवळजवळ नाही. नसेल तर डोंगल आधी दहा-पंधरा मिनिटं गरम होऊ द्या, मग फ्रिक्वेन्सी पक्की माहीत असलेला एखादा अरुंद सिग्नल घ्या, विमानबँडमधला एएम कॅरिअर बारीक रेघेसारखा दिसतो तो छान, आणि ती रेघ जागेवर येईपर्यंत पीपीएम हलवा. उपग्रहावर हे करू नका. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक १४५.८०० वर बोलतं पण येताना तीन-साडेतीन किलोहर्ट्झ वर आणि जाताना तितकंच खाली दिसतं, तो डॉप्लर, तुमच्या डोंगलचा दोष नाही.

अँटेना आणि घरातली घाण

डोंगलबरोबर आलेली छोटी दांडी मॅग्नेटसकट फोनशेजारी टेबलवर ठेवायची आणि रिसेप्शन नाही म्हणायचं. पाव तरंगलांबीचा हिशोब तोंडपाठ करा, ७५०० भागिले मेगाहर्ट्झ बरोबर सेंटीमीटर. १०० ला ७५ सेंटीमीटर, १०९० ला सातच्या आत. टेलिस्कोपिक अँटेना आहे म्हणून पूर्ण ओढून विमानांचा एडीएस-बी (१०९० मेगाहर्ट्झवरचा, विमान आपली जागा सांगतं तो सिग्नल) ऐकायला बसाल तर चुकताय, तिथे ती आत ढकलायची असते. आणि खिडकीत न्या, शक्यतो बाहेर.

फोन स्वतःच आवाज करतो हे लोकांना पटत नाही. वॉटरफॉलवर समान अंतरावर उभ्या रेघा, कंगव्याच्या दातांसारख्या, दिसल्या की चार्जर काढा आणि बघा, कित्येकदा सगळा कंगवा जागच्या जागी पुसला जातो. उरलेलं यूएसबी आणि स्क्रीनकडून येतं, त्यासाठी डोंगल फोनला चिकटून न ठेवता चांगल्या शिल्डवाल्या एक्स्टेंशनने मीटरभर लांब न्या, केबलला फेराइट (आवाज अडवणारा चुंबकीय मणी) लावा. हबला पॉवर द्यायची तर चार्जरऐवजी पॉवर बँक.

बायस टीचं बटण माहीत नसताना दाबू नका. त्यातून अँटेनाच्या केबलमध्ये ४.५ व्होल्ट जातात, ते अँटेनाजवळच्या ॲम्प्लिफायरसाठी असतात, आणि काही अँटेना डीसीला शॉर्ट असतात, म्हणजे त्या व्होल्टेजचं सरळ शॉर्ट सर्किट होतं.

जुने व्हिडिओ बघून नाही ते शोधत बसणं

एनएफएमवर नुसती घर्रघर्र येत असेल तर ते डिजिटल असणार, त्याला वेगळा डीकोडर लागतो आणि एन्क्रिप्टेड असेल तर विषय संपला. काय ऐकायची परवानगी आहे ते देशादेशांत वेगळं आहे, ते आधी बघून घ्या, आणि प्रसारण करू शकणारं बोर्ड असेल तर परवान्याशिवाय ते बटण नाहीच.

दुसरं म्हणजे हवामान उपग्रह. १३७ मेगाहर्ट्झवर नोआ या अमेरिकी उपग्रहांचं टिकटिक ऐका आणि फोनवर ढगांचा फोटो काढा असे ढीगभर व्हिडिओ अजून फिरतायत, लोक अँटेना बनवून गच्चीवर उभे राहतात आणि काहीच येत नाही. येणार कसं, नोआ-१५, १८ आणि १९ हे तिन्ही २०२५ मध्ये बंद केले गेले. आता त्या बँडवर रशियाचे मीटिऑर-एम मालिकेतले उपग्रह आहेत, १३७.१ किंवा १३७.९ वर, पण त्यांचं प्रसारण डिजिटल आहे. म्हणजे टिकटिक येणारच नाही, वॉटरफॉलवर शंभरेक किलोहर्ट्झ रुंद सपाट पट्टा दिसला की तोच तो, आणि ऐकायला बसलात तर नुसती खरखर.