काउंटरपलीकडचा माणूस समजून घेताना

बँकेच्या शाखेत नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्याला संगणकप्रणाली, केवायसीचे नियम आणि रोकड मोजण्याची पद्धत रीतसर शिकवली जाते. काउंटरवर आलेल्या माणसाचे म्हणणे कसे ऐकावे, हे मात्र तो पहिल्या चार-सहा भांडणांतून शिकतो. ही भांडणे बहुतेक वेळा टाळता येण्यासारखी असतात. शाखेत काढलेल्या वर्षांत मला याविषयी जे उमगले ते येथे मांडतो. दुकान, दवाखाना किंवा सरकारी कार्यालयाच्या खिडकीमागे बसणाऱ्यांनाही त्यातले बरेचसे उपयोगी पडेल.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवावा. आपण ‘सहानुभूती’ म्हणतो तेव्हा बहुधा हळहळ अभिप्रेत असते. ‘समानुभूती’ म्हणजे समोरच्याला त्याची अडचण जशी दिसते तशी ती समजून घेणे. पतीच्या निधनानंतर त्यांचे खाते बंद करायला आलेल्या बाईंना ‘फार वाईट झाले हो’ असे म्हणून कागदपत्रांची यादी हातात देणारा कर्मचारी हळहळतो. त्यांना ती यादी वाचता येते का, सोबत कोणी आले आहे का, घरखर्च याच खात्यातून चालत होता का, हे विचारणारा कर्मचारी त्यांची अडचण समजून घेतो.

‘जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे’ ही म्हण खरी असली, तरी काउंटरवर एका माणसासाठी जेमतेम पाच मिनिटे मिळतात. म्हणूनच प्रशिक्षणात ‘स्वतःला ग्राहकाच्या जागी ठेवून पाहा’ असा सोपा मंत्र दिला जातो, आणि माझ्या मते तिथेच पहिली चूक होते. पंचवीस प्रयोगांवर आधारलेला एक मानसशास्त्रीय अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच्या जागी स्वतःची कल्पना केल्याने त्याच्या मनातले अधिक अचूक ओळखता येते असे त्यात दिसले नाही. त्या माणसाशी बोलून, त्यालाच विचारून मात्र अचूकता वाढते, असे आढळले. कारण उघड आहे. त्याच्या जागी आपण स्वतःला बसवतो तेव्हा तिथे आपणच असतो, आपल्या पगारासह आणि आपल्या स्मार्टफोनसह.

आमच्याकडे एक वृद्ध गृहस्थ दर दोन दिवसांनी पासबुक छापून घ्यायला येत. वेळ जात नसेल म्हणून येतात, असा आम्हा सर्वांचा समज होता, आणि त्यांना मागच्या रांगेत उभे करण्यात कोणालाच काही वाटत नसे. एकदा सहज विचारल्यावर कळले की, ते निराधार योजनेच्या अनुदानाची वाट पाहत होते; खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक मुलाचा होता आणि मुलगा परगावी होता. क्रमांक बदलायला आम्हाला दहा मिनिटे लागली. त्याआधी त्यांनी एसटीच्या भाड्यावर किती पैसे घातले असतील, याचा हिशेब करायचे धाडस मला झाले नाही.

तेव्हा पहिली सवय अशी लावावी की, माणूस बोलू लागला की हात कळफलकावरून काढावेत आणि त्याचे पहिले वाक्य मध्येच तोडू नये. पहिल्या वाक्यात खरे काम क्वचितच असते. ‘साहेब, ही ठेव मोडायची आहे’ यामागे रुग्णालयाचे बिल असू शकते, मुलीचे लग्न असू शकते किंवा फोनवरून कोणी घातलेली भीतीही असू शकते. अलीकडे भामटे फोनवर पोलीस असल्याचे भासवून ‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे फोनवरच केलेल्या खोट्या अटकेच्या, नावाखाली वृद्धांना घाबरवून पैसे पाठवायला लावतात; अशा वेळी ‘एवढी घाई कशासाठी, काही अडचण आहे का?’ हा शांतपणे विचारलेला प्रश्न आयुष्यभराची पुंजी वाचवू शकतो.

ऐकून झाले की जे समजले ते आपल्या शब्दांत परत सांगावे: ‘म्हणजे ठेव मोडायची नाही, तिच्यावर कर्ज मिळाले तरी चालेल, असेच ना?’ माणूस ‘हो’ म्हणाला तर उत्तम. ‘नाही’ म्हणाला तर त्याहून उत्तम, कारण चूक वेळीच कळली. संतापलेल्या माणसाला ‘शांत व्हा’ असे कधीही सांगू नये, त्याने कोणी शांत झालेला मी पाहिलेला नाही. ‘तिसऱ्यांदा यावे लागले म्हणून तुम्ही चिडला आहात, आज हे कुठे अडले ते मी आत्ता पाहतो’ असे म्हणावे आणि खरोखरच लगेच पाहावे.

संबोधनाचेही भान ठेवावे. ‘आजी’, ‘काका’, ‘मावशी’ यांत आपुलकी असते, पण निवृत्त मुख्याध्यापकांना ‘सर’ ऐकण्याची सवय असते, आणि पन्नाशीतल्या बाईंना ‘आजी’ म्हटले तर पुढचे सारे बोलणे बिघडते. तसेच ‘मयत खातेदार’ हा शब्द अर्जावर राहू द्यावा. पत्नीसमोर ‘तुमचे यजमान’ म्हणावे किंवा नावामागे आदराने श्री. लावून बोलावे.

मात्र गोड बोलणे म्हणजे समानुभूती, असा समज करून घेऊ नये. तिची खरी परीक्षा कामाच्या आखणीत होते. निधनानंतरच्या दाव्यात नामनिर्देशन केलेले असेल, तर नॉमिनीकडे वारसा प्रमाणपत्र मागण्याची गरज नसते, आणि कागदपत्रे पूर्ण मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दावा निकाली काढण्याचे बंधन बँकेवर असते. हे त्या घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगावे, लागणारे सर्व कागद एकाच वेळी मोठ्या अक्षरांत लिहून द्यावेत, आणि त्याखाली भेटायच्या कर्मचाऱ्याचे नाव लिहावे. ‘उद्या या’ हे दोन शब्द सर्वांत स्वस्त आणि ग्राहकाला सर्वांत महाग पडणारे आहेत.

हयातीच्या दाखल्याचेही असेच आहे. नोव्हेंबरमध्ये शाखेत रांगा लागतात. ऐंशी वर्षांवरील केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, हे अनेकांना ठाऊक नसते, म्हणून सप्टेंबरमध्येच त्यांना फोन करावा. आयुष्यभर कष्टाची कामे केलेल्यांच्या बोटांचे ठसे अनेकदा यंत्रावर उमटत नाहीत. त्यांना चारचौघांत दहा वेळा अंगठा टेकवायला लावण्याऐवजी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय वापरावी. सत्तरीपुढच्या आणि आजारी ग्राहकांना घरपोच सेवा देण्यासाठी प्रयत्न करावेत, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सांगितले आहे.

आता मर्यादेविषयी. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये समानुभूतीचे वर्णन करताना एक बारीक अट घातली होती: दुसऱ्याचे जग ‘जणू’ आपलेच आहे असे जाणावे, पण तो ‘जणू’ सुटू देऊ नये. तो सुटला की कर्मचारी नियम वाकवू लागतो किंवा संध्याकाळपर्यंत पार थकून जातो. सही जुळत नसेल तर पैसे देता येणार नाहीत, हे स्पष्ट सांगावेच लागते. त्याच वाक्यात सही नव्याने नोंदवण्याची पद्धतही सांगावी, म्हणजे नकार घेऊन जाणाऱ्याच्या हाती पुढची पायरी राहते.

सहकाऱ्यांशी आणि घरच्यांशी वागतानाही हेच करावे, फक्त तिथे आपले अंदाज अधिक पक्के असल्याने ते अधिक चुकतात. त्यासाठी एक साधा सराव आहे. दिवसअखेरीस रोकड जुळवून झाली की एका छोट्या वहीत त्या दिवसाच्या एकाच माणसाविषयी, नाव न लिहिता, दोन ओळी लिहाव्यात: मला काय वाटले होते, आणि विचारल्यावर काय निघाले. माझ्या वहीत पहिले कित्येक दिवस दुसरी ओळ कोरीच राहिली, कारण मी विचारलेच नव्हते.