पेट-सीटी स्कॅन: तयारी कशी करायची आणि रिपोर्ट कसा वाचायचा

पेट-सीटी म्हणजे शिरेतून किरणोत्सारी औषध देऊन कॅन्सरच्या जागा शोधणारा स्कॅन: औषध कुठे साठलं ते पेट दाखवतो, ती जागा शरीरात नेमकी कुठे ते सीटी. तो वाया जातो तो क्वचितच मशीनमुळे. बहुतेक वेळा कारण आधीच घडून गेलेलं असतं: चुकीच्या वेळी घेतलेलं इन्शुलिन, केमोनंतर घाईने घेतलेली तारीख, सकाळी तोंडात टाकलेली खोकल्याची गोळी. हे का होतं ते कळायला स्कॅनमागचं तत्त्व थोडक्यात माहीत असलेलं बरं.

शिरेतून देतात ते औषध म्हणजे एफडीजी. ग्लुकोजच्या रेणूला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडून ते तयार होतं. पेशी त्याला साखर समजून आत घेते, पेशीतलं हेक्सोकायनेज हे एन्झाइम त्यावर फॉस्फेट चढवतं, पण पुढे त्याचं पचन होत नाही आणि ते पेशीतच अडकून पडतं. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी साखर भरपूर ओढतात, म्हणून त्या जागा चमकतात. थोडक्यात, ज्या ज्या गोष्टीमुळे साखर दुसरीकडे वळते ती प्रत्येक गोष्ट स्कॅन बिघडवते. खालच्या जवळजवळ सगळ्या सूचना या एका वाक्यातून निघतात.

तारीख ठरवताना

उपचार चालू असतील किंवा नुकते संपले असतील तर तारीख फार महत्त्वाची. केमोच्या शेवटच्या डोसनंतर किमान तीन आठवडे जाऊ द्यावेत. लिम्फोमात (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये) उपचार संपल्यानंतरच्या स्कॅनसाठी सहा ते आठ आठवडे थांबणं जास्त चांगलं. रेडिएशन झालेली जागा सुजलेली असते आणि सूजही साखर खाते, म्हणून तिथे साधारण १२ आठवडे. पांढऱ्या पेशी वाढवण्याचं इंजेक्शन घेतलं असेल तर दोन आठवडे थांबा, नाहीतर सगळा अस्थिमज्जा पेटल्यासारखा दिसतो आणि हाडांतला खरा आजार त्यात लपतो. डॉक्टरांना उपचार बदलायची घाई असेल तर ते यापेक्षा आधीही स्कॅन मागतात. तसं चालतं, पण मग रिपोर्ट देणाऱ्याला शेवटच्या डोसची तारीख लेखी मिळायला हवी.

बुकिंग करतानाच मधुमेह, गरोदरपणाची शक्यता, अंगावर पाजत असल्यास तसं, बंद जागेची भीती, किडनीचा त्रास आणि गेल्या दीड-दोन महिन्यांतली शस्त्रक्रिया, बायोप्सी किंवा लस हे सगळं सांगा. लस कोणत्या दंडात घेतली तेही. त्या बाजूच्या काखेतल्या लसिका ग्रंथी कित्येक आठवडे चमकत राहतात. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटने लस विरुद्ध बाजूला घेतली तर पुढचा घोळ टळतो.

आदला दिवस

व्यायाम, जड सामान उचलणं, लांब चालणं २४ तास बंद. राबलेले स्नायू दुसऱ्या दिवशीही एफडीजी ओढतात. रात्री हलकं आणि गोड-भात-ब्रेड कमी असलेलं जेवण घ्या. अंग उबदार ठेवा. थंडी वाजली की मान, खांदे आणि मणक्याशेजारची तपकिरी चरबी उष्णता तयार करायला साखर जाळते, आणि तिथेच लिम्फोमाच्या गाठीही असू शकतात. तरुण आणि सडपातळ पेशंटमध्ये हे जास्त दिसतं. आधीच्या स्कॅनमध्ये असं झालं असेल तर काही केंद्रं ही चरबी शांत ठेवायला प्रोप्रॅनोलॉलची गोळी देतात.

इंजेक्शनच्या आधी किमान चार तास, आणि बहुतेक ठिकाणी सांगतात त्याप्रमाणे सहा तास, पोटात काही नको. साधं पाणी चालतं, नव्हे, प्यायलाच हवं. चहा, कॉफी, ज्यूस, च्युइंग गम, चघळायच्या गोळ्या, खोकल्याचं गोड औषध काहीच नको. दाखल असलेल्या पेशंटच्या नातेवाइकांनी सलाइनच्या बाटलीवरचं नाव वाचावं. त्यावर डेक्स्ट्रोज लिहिलं असेल तर पेशंट उपाशी नाही, त्याला शिरेतून साखर चालू आहे. ही बाटली किती तास आधी बंद करायची ते वॉर्डमधल्या नर्सकडून नक्की करून घ्या. हे रात्री कुणाच्या लक्षात येत नाही आणि सकाळी साखर २३० येते.

मधुमेह असेल तर

सगळ्यात जास्त स्कॅन इथेच फसतात. इंजेक्शनच्या वेळी रक्तातली साखर २०० मिलिग्रॅमच्या खाली हवी. वर असली तर खरी साखर आणि एफडीजी यांच्यात पेशीत शिरायची चढाओढ लागते, आणि गाठ फिकी दिसते.

मग साखर उतरवायला आयत्या वेळी इन्शुलिन टोचलं तर? ते त्याहून वाईट. इन्शुलिन स्नायूंची आणि हृदयाची दारं साखरेसाठी उघडतं. एफडीजी तिकडे जातं आणि चित्रात दंड, मांड्या, छातीचे स्नायू काळेकुट्ट, तर गाठ जेमतेम. म्हणून जलद इन्शुलिन आणि एफडीजी यांत किमान चार तासांचं अंतर ठेवतात, साध्या इन्शुलिनसाठी सहा तासांचं. मध्यम किंवा दीर्घकाळ टिकणारं इन्शुलिन स्कॅनच्या दिवशी शक्यतो घेत नाहीत.

व्यवहारात याचा अर्थ असा: इन्शुलिनवर असलेल्यांनी सकाळी उशिराची किंवा दुपारची वेळ मागावी, पहाटे लवकर नेहमीचं जलद इन्शुलिन घेऊन नाश्ता करावा, आणि तिथून उपास सुरू करावा. फक्त गोळ्यांवर असलेल्यांना सकाळची पहिली वेळ सोयीची. मात्र काही गोळ्या उपाशीपोटी साखर धोकादायक खाली आणतात, तेव्हा त्या दिवशीची कोणती गोळी टाळायची हे आपल्या मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारा.

मेटफॉर्मिनची गोष्ट निराळी. त्याने आतडं जबरदस्त चमकतं, आणि पोटातला आजार शोधायचा असेल तर काहीच कळत नाही. अशा वेळी ते ४८ तास आधी थांबवायला सांगतात. पण स्वतःच्या मनाने थांबवू नका; दोन दिवसांत साखर चढली तर एक अडचण सोडवताना दुसरी ओढवून घ्याल.

स्कॅनच्या दिवशी

वेळेवर जा, आणि हा शिष्टाचाराचा भाग नाही. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं आहे. तुम्ही तासभर उशिरा आलात तर तुमच्यासाठी ठेवलेल्या डोसपैकी जवळजवळ एक तृतीयांश संपलेला असतो.

वजन आणि उंची तिथे मोजायला लावा. अंदाजाने सांगू नका. कारण पुढे रिपोर्टच्या भागात येईल. सुई आजाराच्या विरुद्ध हाताला लावून घ्या. औषध जाताना दुखलं किंवा फुगलं तर लगेच सांगा. शिरेबाहेर सांडलेलं औषध लसिकावाहिन्यांतून काखेतल्या ग्रंथीत जाऊन बसतं आणि नसलेली गाठ दाखवतं, शिवाय शरीरात कमी औषध पोहोचल्याने सगळे आकडे खाली येतात.

इंजेक्शननंतर साधारण ६० मिनिटं पडून राहायचं. पांघरूण घ्या. मोबाइल नको, गप्पा नकोत, चघळणं नको. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये ही शांतता विशेष पाळायची, कारण बोलताना स्वरतंतूंचे स्नायू एफडीजी खातात. इथे एक गमतीशीर सापळा आहे. फुप्फुसाच्या गाठीने डाव्या स्वरतंतूची नस दाबली असेल तर तो तंतू लुळा पडतो आणि निरोगी उजवा एकटाच काम करून चमकतो. न जाणणारा त्या चांगल्या बाजूलाच आजार समजेल. पेशंटचा आवाज बसला असेल तर तसं फॉर्मवर लिहा.

मशीनवर जाण्याआधी लघवी करून या. औषध लघवीतून जातं, आणि भरलेलं मूत्राशय ओटीपोटातलं बाकी सगळं झाकतं. स्कॅनला साधारण १५ ते ३० मिनिटं लागतात. हात डोक्यावर धरणं जमत नसेल तर आधीच सांगा. मध्येच खाली घेतले तर सीटीचं आणि पेटचं चित्र एकमेकांवर बसत नाही. श्वास सावकाश ठेवा. सीटीच्या वेळी खोल श्वास घेतला की यकृताच्या वरच्या टोकाची गाठ फुप्फुसात असल्यासारखी दिसू शकते.

घरी गेल्यावर पाणी भरपूर प्या, वरचेवर लघवीला जा, त्या दिवशी तान्ही मुलं आणि गरोदर बाई यांना मांडीशी-कुशीत घेणं टाळा. २४ तासांत १३ अर्धायुष्यं उलटतात, म्हणजे आठ हजारांतला एक भागही उरत नाही. १८५ ते ३७० मेगाबेकेरेल (किरणोत्साराचं माप) डोसमधून मोठ्या माणसाला साधारण ३.५ ते ७ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांचं माप) किरणं मिळतात; सीटीची वेगळी.

रिपोर्ट हातात आल्यावर

सगळ्यांची नजर एसयूव्ही मॅक्सवर, म्हणजे गाठीतल्या सर्वात जास्त एसयूव्हीवर, जाते. एसयूव्ही म्हणजे त्या जागी साठलेलं औषध भागिले, तेच औषध अंगभर सारखं पसरलं असतं तर तिथे जेवढं असतं तेवढं. म्हणून १ म्हणजे सरासरी. सूत्रात वजन येतं. ७० किलोच्या माणसाचं वजन ८० लिहिलं गेलं तर प्रत्येक आकडा १४ टक्क्यांनी फुगतो. अमुक आकड्याच्या वर कॅन्सर, खाली नाही, अशी रेघ नाही. २.५ ही जुनी सीमा अजून तोंडी फिरते. तिच्यावर भरवसा ठेवू नका.

दोन स्कॅनची तुलना करताना आधी यकृताचा आकडा बघा. समजा गाठ ६.० वरून ५.२ वर आली आणि यकृत २.६ वरून २.२ वर. आनंद करण्यासारखं काही नाही. गाठ दोन्ही वेळा यकृताच्या सुमारे २.३ ते २.४ पट आहे. साखर, वजन किंवा इंजेक्शनपासूनचा वेळ बदलल्याने सगळा स्कॅनच खाली सरकला. म्हणून दुसरा स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर, आणि इंजेक्शन ते स्कॅन या वेळेत १० मिनिटांहून जास्त फरक न ठेवता करावा. पेटवरून उपचाराचा परिणाम मोजण्यासाठी २००९ साली मांडलेल्या पर्सिस्ट निकषांत घट खरी मानायला किमान ३० टक्के लागतात, ते या चढउतारांमुळेच.

लिम्फोमात आकड्याऐवजी डोव्हिल गुण देतात. १ म्हणजे चमक नाही. २ म्हणजे छातीच्या मध्यभागातल्या रक्ताइतकी किंवा कमी. ३ म्हणजे त्याहून जास्त पण यकृताइतकी किंवा कमी. ४ यकृताहून मध्यम जास्त. ५ खूपच जास्त किंवा नवीन जागा. १ आणि २ चांगले. ३ देखील नेहमीच्या उपचारांनंतर बहुधा चांगलाच धरतात.

रिपोर्टात 'फिजिओलॉजिकल' हा शब्द दिसला की ती चमक नैसर्गिक आहे असं समजा: मेंदू, हृदय, किडन्या, मूत्राशय, टॉन्सिल, आतडं. 'हायपरमेटाबॉलिक' म्हणजे ती जागा जास्त साखर खाते, एवढंच. क्षयरोग, सार्कॉइडोसिस (ग्रंथी सुजवणारा, कॅन्सर नसलेला आजार), बुरशीचा संसर्ग, ताजी जखम हेही तसंच दिसतं, आणि केमोनंतर तरुणांमध्ये पुन्हा वाढलेली छातीतली थायमस ग्रंथीसुद्धा. उपचाराची दिशा अशा एकट्या नव्या ठिपक्यावर बदलणार असेल, तर बायोप्सी शक्य आहे का हा प्रश्न विचारायलाच हवा.

उलटही होतं. ८ मिलिमीटरहून लहान गाठ, चिकट द्रव भरलेली म्युसिनस गाठ, यकृताचा सौम्य प्रतीचा कॅन्सर, किडनीचे आणि प्रोस्टेटचे बरेच कॅन्सर, स्तनाचा लोब्युलर प्रकार एफडीजीत फिके राहू शकतात. अशांचा रिपोर्ट 'नॉर्मल' आला तरी सीटी किंवा एमआरआय बाजूला ठेवू नका.

इम्युनोथेरपीवर (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध चेतवणाऱ्या उपचारावर) असताना गाठ सुरुवातीला मोठी किंवा जास्त चमकदार दिसू शकते, कारण तिच्यात प्रतिकार पेशी शिरलेल्या असतात. पेशंटची तब्येत ठीक असेल तर चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासून मगच निर्णय घेतात. इम्युनोथेरपीचा परिणाम मोजण्याच्या २०१७ च्या आय-रेसिस्ट निकषांत हेच सांगितलं आहे.

साखर नसलेले ट्रेसर

ट्रेसर म्हणजे स्कॅनसाठी शिरेतून देतात ते किरणोत्सारी औषध. प्रोस्टेटसाठी पीएसएमए आणि न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या) गाठींसाठी डोटाटेट ही औषधं साखरेच्या मागे जात नाहीत, पेशीवरच्या विशिष्ट प्रथिनाला चिकटतात. त्यामुळे उपास आणि साखरेचं सगळं प्रकरण इथे लागू नाही. मात्र डोटाटेटच्या आधी ऑक्ट्रिओटाइडचं (त्याच प्रथिनाला चिकटणाऱ्या औषधाचं) महिन्याचं इंजेक्शन चालू असेल तर पुढचं इंजेक्शन देण्याच्या जरा आधी स्कॅन ठेवतात, नाहीतर जागा आधीच अडवलेल्या असतात. पीएसएमएमध्ये लाळग्रंथी, अश्रुग्रंथी आणि पोटातली मज्जागंडं (नसांच्या पेशींचे छोटे पुंजके) हमखास चमकतात. ही गंडं लसिका ग्रंथी समजून घोटाळा होतो.

याच रेणूंना गॅलियम-६८ या स्कॅनच्या किरणोत्सारी अणूऐवजी पेशी मारणारा ल्युटेशियम-१७७ जोडला की तपासणीचं औषध उपचाराचं होतं. अमेरिकेत डोटाटेटच्या या उपचाराला २०१८ मध्ये आणि पीएसएमएच्या उपचाराला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. हा उपचार सुचवला गेला असेल तर एफडीजी स्कॅनही करायचा का, हे विचारून घ्या. एखादी गाठ एफडीजीत झळकते पण डोटाटेट किंवा पीएसएमएत दिसतच नाही, तर ती आक्रमक असण्याची शक्यता जास्त, आणि ल्युटेशियम तिला चिकटणारच नाही.