किडनी द्यायची आहे? मुलाखतीला जाण्याआधी हे वाचा

अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, मी किडनी दिली. रक्तगट जुळला, तपासण्या झाल्या, मग कळलं की मनोविकारतज्ज्ञ आणि समाजसेविकाही बोलणार आहेत. घरचे म्हणाले, "विचारतील त्याला हो म्हण." असं अजिबात करू नका.

ही मुलाखत तुम्हाला अडवायला नसते. कुणाचा दबाव आहे का, पैशाचा व्यवहार आहे का, मागे तुमचं घर कसं चालेल, हे बघायला असते. आत एकट्यानेच जा. वहिनी माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या, मुलाखत घेणाऱ्या बाईंनी त्यांना बाहेर पाठवलं. तसं कुणी केलं नाही तर तुम्हीच सांगा. देणारी बाई असेल तर जास्त काळजी घ्यावी, तिची संमती रुग्णाशिवाय दुसऱ्या कुणाकडून पक्की करावी, असं अवयव प्रत्यारोपणाच्या 2014 च्या नियमांतच आहे.

"तुम्ही नाही म्हणालात तर माहेरी काय होईल?" या प्रश्नाला माझी जीभ टाळ्याला चिकटली. आई बोलणं टाकेल, हे खरं होतं. तेच सांगितलं. मुलाखत घेणाऱ्या बाई रागावल्या नाहीत. आठ दिवसांनी पुन्हा या म्हणाल्या. त्या आठ दिवसांत मी पहिल्यांदा स्वतःपुरता विचार केला. "किडनी टिकली नाही तर?" हेही विचारतात. त्याचं उत्तर घरी एकदा मोठ्याने बोलून बघा. झोपेच्या गोळ्या, दारू, कर्ज, आधीचं मनाचं आजारपण, काही लपवू नका.

मी एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवते. ऑपरेशननंतर दीड महिना गठ्ठा उचलायचा नव्हता. म्हणून कागदावर लिहून नेलं: बुडणारी मजुरी, चार-पाच दिवसांनी नळ आला की हंडे कोण भरणार, धाकटीला शाळेत कोण सोडणार. समाजसेविका सगळ्यात जास्त वेळ याच कागदावर बोलल्या.

नात्याचे पुरावे सोबत ठेवा. नवरा-बायको असाल तर लग्नाचा दाखला आणि फोटो. दूरचं नातं किंवा मैत्री असेल तर प्राधिकार समितीपुढे, म्हणजे अशा अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे, जावं लागतं, दोघांच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद लागतात. अवयवाचे पैसे घेणं-देणं गुन्हा आहे: 5 ते 10 वर्षं कैद, 20 लाख ते 1 कोटी दंड.

मन फिरलं तर ऑपरेशनच्या टेबलापर्यंत नाही म्हणता येतं. घरी सांगणं जड जात असेल तर डॉक्टरांना सांगा. घरच्यांना ते "या दाता म्हणून योग्य नाहीत" एवढंच सांगू शकतात.