गोव्यात घर दुरुस्त करताय की वाढवताय? आधी भिंत सुकू द्या

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की आमच्या गोव्यात सगळ्यांची एकच घाई, रंग. बाहेर धो धो पाऊस, भिंत आतून ओली, आणि त्यावरच मेस्ताला (गवंड्याला) उभा करून प्लास्टिक पेंट मारून घ्यायचा, मग दिवाळीपर्यंत पोपडे सुटले की दोष डब्याला. खरं म्हणजे इथे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे तब्येतीला चांगलं काय आणि पर्यावरणाला चांगलं काय असं वेगवेगळं शोधत बसायला नकोच, जी भिंत सुकते ती दोन्हीला चांगली. जी सुकत नाही तिथे बुरशी, कुबट वास, घरात कुणाला दमा असेल तर तो वाढणार, आणि दर थोड्या वर्षांनी परत सिमेंट, परत रंग.

म्हणून आधी कॅलेंडर बघा. दसऱ्यानंतर काम काढा, प्लास्टर जानेवारीच्या आसपास संपवा, सिमेंटचं असेल तर महिनाभर तरी सुकू द्या (चुन्याला जास्त वेळ लागतो), आणि रंग फेब्रुवारी-मार्चमध्ये. घेताना लो-व्हीओसी, म्हणजे हवेत उडणारी रसायनं कमी असलेला रंग मागा, वास कमी आणि डोकं दुखत नाही. चवथीला माटोळीच्या (गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या मांडवीच्या) खोलीत काहीतरी करायचंच असेल तर चुन्याचा एक हात द्या, हवी तर चिमूटभर नीळ घालून. चुन्यावर बुरशी सहजासहजी येत नाही. फक्त खाली प्लास्टिक पेंट असेल तर तो खरवडूनच, नाहीतर चुना धरत नाही.

आता भिंतीचं. जुनी घरं चिऱ्याची (जांभ्या दगडाची), सांध्यात माती नाहीतर चुना. चिरा पावसात पाणी ओढतो आणि ऊन पडलं की सोडतो, त्याची ती जातच आहे. त्यावर बाहेरून सिमेंटचा जाड थर आणि वर वॉटरप्रूफ रंग दिला की पाणी जमिनीतून आणि भेगांतून आत येतच राहतं, बाहेर पडायची वाट तेवढी बंद होते, मग ते आतल्या बाजूला खारे डाग होऊन दिसतं. जुन्या भिंतीला चुन्याचंच प्लास्टर करा, मुरवलेला चुना एक भाग, रेती तीन भाग. रेती नदीचीच पाहिजे असा हट्ट नको, धुतलेली क्रश्ड सँड चालते आणि नदीही वाचते. तरुण मेस्त चुन्याला नाही म्हणतात, कारण हात हळू चालवावा लागतो. म्हाताऱ्या मेस्ताला शोधा, आधी मागच्या बाजूच्या एका भिंतीवर करून घ्या. नवीन खोलीला बाहेरून प्लास्टर नाही केलं, नुसतं पॉइंटिंग केलं, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे भरले, तरी चालतं, चिरा दिसायलाही छान.

छपराला माझं स्पष्ट मत आहे. आधी स्लॅब घालायचा, तो गळतो म्हणून वर पत्रा टाकायचा, मग पत्र्याखाली उकडतं म्हणून एसी लावायचा, हे एकाच खोलीचे तीन खर्च कुणी आणि का करावेत? सरळ उतरतं छप्पर करा आणि मंगळुरी कौलं घाला. जुनी कौलं टाकू नका, बोटाने वाजवून बघा, खणखणीत वाजलं तर ते अजून कित्येक पावसाळे काढतं. मध्ये दोन काचेची कौलं बसवा, दिवसा लाईट लागत नाही. वळचण पश्चिमेला आणि नैऋत्येला नेहमीपेक्षा लांब काढा, पावसाची झड तिकडूनच येते. आणि जुनं छप्पर नव्याला मिळतं तिथे पन्हळ नीट रुंद ठेवा, गळती हमखास त्या सांध्यातच. कौलाखाली पीओपीचं फॉल्स सीलिंग मात्र नको, ओल आणि उंदीर दोन्ही आत सुखाने राहतात.

तोडफोड करताना थोडं सांभाळून. गोठ्यावर, पोर्चवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता खूप, त्याची धूळ फुप्फुसाला घातक, म्हणून ग्राइंडर लावायचा नाही, फोडायचे नाहीत, पाणी मारून ओले करा आणि अख्खे उतरवा, कामगाराला पी१०० फिल्टरचा मास्क द्या, साधा एन९५ इथे पुरत नाही आणि तोंडाला बांधलेला टॉवेल तर उपयोगाचाच नाही. दारं-खिडक्यांचा जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका, ओला करून घासा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीचे थर तुमच्या चौकटींवर अजून आहेतच. लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर ते काम चालू असताना त्यांना माहेरी, मावशीकडे, कुठेही पाठवा.

किचनच्या कपाटांना एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड आपल्या हवेत फुगतो, शिवाय त्यातल्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड सुटतं आणि उष्णता-दमट हवेत जास्तच सुटतं. मरीन प्लाय आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, नाहीतर जुन्या घराच्या फणसाच्या, सागाच्या फळ्या सुताराकडून रंधून घ्या. त्या फुकटच्या पडून असतात आणि आपण शोरूम फिरतो!

नवीन बाथरूम काढताय तर सोकपिट (सांडपाणी जिरवायचा खड्डा) विहिरीपासून १८ मीटर तरी लांब पाहिजे. आपला चिऱ्याचा दगड सच्छिद्र, घाण पाणी त्यातून सहज पाझरतं. तुमचीच नाही, शेजाऱ्याची विहीर पण मोजा. पंचायतीचं लायसन्स, आणि समुद्र-नदीकाठ असेल तर सीआरझेडची (किनारपट्टी नियमांची) परवानगी, खणायच्या आधी.

छताचा सांगाडा करतानाच सोलरचं वजन धरून ठेवा, पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत सबसिडी आहे.

आणि पाडलेला माल रात्री खाजनात (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीत) किंवा रस्त्याकडेला ओतू नका. अख्खे चिरे गडग्याला (कुंपणाच्या भिंतीला), पायऱ्यांना लागतात, फुटकी कौलं नव्या फरशीखाली भरावाला, आणि तरी उरलं तर गावात चिरे घेणारा कोणीतरी असतोच, विचारून तर बघा.