तार सरळ करण्यापासून सुरुवात

दंतवैद्यकाची पदवी बीडीएस झाली, इंटर्नशिप झाली, पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट-एमडीएसला बरी रँक आली आणि ऑर्थो, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करण्याची शाखा, मिळालं. घरी पेढे वाटून मी डिपार्टमेंटला हजर झाले. वाटत होतं, पहिल्याच आठवड्यात ब्रॅकेट, म्हणजे तार धरायला दातांवर चिकटवायचे ते छोटे तुकडे, हातात पडतील. हातात पडली ती १९ गेजची सहा इंच तार. सिनिअर म्हणाला, “ही सरळ कर.” मी दहा मिनिटांत करून दिली. त्याने ती काचेच्या तुकड्यावर ठेवली, डोळा काचेच्या पातळीला आणला आणि तारेखालून दिसणारा उजेड मला दाखवला. त्या दिवशी मी अकरा तारा वाया घालवल्या.

यंदा ज्यांना ऑर्थो मिळालंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. पुस्तकात असलेलं सगळं तुम्ही वाचालच, म्हणून ते टाळते.

तारेचं पहिलं गुपित असं की प्लायरने तार फक्त धरायची, वाकवायची अंगठ्याने. नवीन माणूस नेमकं उलटं करतो. प्लायर पिळतो, तारेवर खाचा उमटवतो आणि चुकलेला बाक त्याच जागी उलगडून पुन्हा देतो. स्टेनलेस स्टील हे सहन करत नाही. त्याच जागी दोन-तीनदा वाकवलेली तार कडक आणि ठिसूळ होते, आणि पेशंटच्या तोंडात कधीतरी तुटतेच. चुकलं की नवीन तार घ्या, त्यात कसला कमीपणा नाही. हाच धडा पुढे, काढता-घालता येणारी प्लेट दाढेला धरून ठेवणाऱ्या अॅडम्स क्लास्पला उपयोगी पडतो. बेलफास्टच्या अॅडम्स यांनी दिलेला हा क्लास्प ०.७ मिलिमीटरच्या तारेचा. त्याची दोन बाणाची टोकं दाढेच्या दोन कोपऱ्यांखाली अडकतात आणि मधला पूल दाताला न टेकता तिरका उभा राहतो. दिसायला हेअरपिनसारखा, पण चारही बाजूंनी बरोबर बसेपर्यंत घाम काढतो. माझा पहिला पास झालेला क्लास्प तेविसावा होता. तो मी अजून जपून ठेवलाय.

मग टायपोडॉन्ट, सरावाचा नकली जबडा. मेणात रोवलेले, मुळांसकट धातूचे दात. त्यावर ब्रॅकेट लावायचे, तार घालायची आणि सगळं गरम पाण्यात बुडवायचं. मेण मऊ झालं की दात डोळ्यांदेखत सरकतात. मजा येते, पण इथेच एक खोटी सवय लागते. दीड वर्षाचं काम एका दुपारी होतं आणि डोक्यात बसतं की दात म्हणजे ओढायची वस्तू.

तोंडात मेण नसतं. दाताच्या मुळाभोवती साधारण पाव मिलिमीटर जाडीचा एक पडदा असतो आणि सगळा खेळ त्या पडद्याचा. हलका जोर दिला की दाबाच्या बाजूचं हाड पेशी हळूहळू खातात, ताणाच्या बाजूला नवं हाड भरतं आणि दात जागा बदलतो. जोर जास्त झाला की तिथल्या रक्तवाहिन्या चेपतात, पेशीच उरत नाहीत आणि दात अडून बसतो. मग हाड मागच्या बाजूने पोखरलं जाईपर्यंत दोन-तीन आठवडे काहीच हलत नाही. पेशंट दुखतंय म्हणून रडतो आणि आपण म्हणतो, “एवढं ओढलं तरी हलत कसं नाही!” दात नुसता कलता करायला ३५ ते ६० ग्रॅम पुरतात, हाडात आत दाबायला तर १० ते २०. हे आकडे मला तोंडपाठ होते. जोर मोजायच्या डॉन्ट्रिक्स गेजने प्रत्यक्ष मोजायला मात्र मी पहिल्या वर्षी दोनदासुद्धा गेले नसेन.

त्याची किंमत दुसऱ्या वर्षी मोजली. एकोणीस वर्षांचा मुलगा, पुढे आलेले दात, चार उपदाढा काढलेल्या. माझी स्वतः स्ट्रॅप-अप केलेली, म्हणजे सगळे ब्रॅकेट मीच चिकटवलेली, पहिली केस. दिवाळीची सुट्टी जवळ आली होती आणि मला घाई होती. तोंडात अजून ०.०१६ इंचाची गोल, लवचिक नायटी (निकेल-टायटॅनियम) तार असताना मी दाढेपासून सुळ्यापर्यंत पॉवर चेन, ती रबरी साखळी, ताणून लावली आणि गावी निघून गेले. परत आले तेव्हा सुळे मागे झुकले होते, पण नुसते डोक्याने. मुळं होती तिथेच. मधल्या भागात वरखाली फट पडली होती आणि पुढचे वरचे दात खालच्यांना पार झाकून बसले होते. याला आमच्यात रोलर कोस्टर म्हणतात. गाईड सरांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, “तार तयार नव्हती. तू दात नाही ओढलास, तार वाकवलीस.” पुन्हा ०.०१४ च्या पातळ तारेपासून सुरुवात. पाच महिने गेले. त्या मुलाने एका शब्दाने विचारलं नाही, त्याचंच जास्त लागलं.

तेव्हा क्रम पाळा. ब्रॅकेटच्या ०.०२२ इंचाच्या स्लॉटमध्ये, म्हणजे तार बसायच्या खाचेत, आधी पातळ नायटी, मग चौकोनी, शेवटी ०.०१९ बाय ०.०२५ ची स्टील. ती स्टील घातल्यावरही महिनाभर बसू द्यायची आणि मगच जागा मिटवायला घ्यायची. महिन्याला साधारण एक मिलिमीटर मिटलं तर छान चाललंय असं समजा. नायटी अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत जन्मली आणि सत्तरच्या दशकात दंतवैद्यकात आली. ती किती वाकवली तरी मूळ आकारात परत येते, म्हणून नवशिक्यांना फार आवडते. मात्र तिच्यावर विसंबून स्टीलला बाक देण्याचा कंटाळा करू नका. परीक्षेत बाक देता येतो का, हेच बघतात.

ब्रॅकेटच्या जागेबद्दलही असंच. लॉरेन्स अँड्र्यूज यांनी उपचार न केलेल्या, मुळातच सुरेख १२० दंतपंक्तींचे साचे तपासून १९७२ मध्ये सहा निकष मांडले. त्यातूनच कल आणि पीळ आधीच भरलेला ब्रॅकेट आला. आज आपण एमबीटी नावाचा ब्रॅकेट लावतो, तो त्याच घराण्यातला. पण ब्रॅकेट हुशार असला तरी अर्धा मिलिमीटर वर चिकटवला तर तार इमानेइतबारे दात चुकीच्या जागी नेऊन ठेवते. स्ट्रॅप-अप झाल्यावर आरशात नाही, खुर्चीसमोर उभं राहून बघा. आणि एखादा चुकला असेल तर त्याच दिवशी काढा. “पुढच्या व्हिजिटला बघू” ही आमच्या डिपार्टमेंटची सगळ्यात महागडी ओळ होती.

सेफ ट्रेसिंगचा, म्हणजे डोक्याच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेवर रेषा आखून कोन मोजण्याचा, अनेकांना कंटाळा येतो, मलाही यायचा. वरच्या जबड्याचा कोन एसएनए ८२, खालच्याचा एसएनबी ८०, दोन्हींतला फरक एएनबी २. पाठ करणं सोपं. हे आकडे गोऱ्या अमेरिकन चेहऱ्यांवरून आलेत, हे मात्र लक्षात राहत नाही. आपल्याकडचे ओठ थोडे भरलेले असतात आणि तेच आपल्याला चांगले दिसतात. आकड्यांसाठी दात काढायला निघालेल्या एका ज्युनिअरला आमच्या मॅडमनी पेशंटशेजारी उभं केलं आणि विचारलं, “आता फाइल बंद कर आणि सांग, हिला काय त्रास आहे?” त्याला सांगता आलं नाही.

आता हिशोबाचं बोलते. एमडीएस तीन वर्षांचं. पहिलं वर्ष तारा, टायपोडॉन्ट, प्रबंधाचा सिनॉप्सिस आणि बेसिक सायन्सच्या परीक्षेत जातं. दात काढून केलेली एक केस दीड ते दोन वर्षं खाते. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर उचललेली केस तुमच्या हातून डिबाँड होणार नाही, म्हणजे तिचे ब्रॅकेट तुम्ही काढणार नाही, ती ज्युनिअरकडे जाणार. शेवटच्या परीक्षेला सुरुवातीपासून शेवटपर्यंतचे रेकॉर्ड मांडावे लागतात, म्हणून सुरुवातीच्या केसेस लवकर उचला. आणि सिनिअर जाताना ट्रान्स्फर केसेस देईल तेव्हा तोंड वाकडं करू नका. अर्धवट केस हाती आली की दुसऱ्याचं नियोजन वाचावं लागतं, आणि त्याने कुठे घाई केली ते दिसतं. फोटो मात्र प्रत्येक व्हिजिटला काढा. माझ्या एका सुंदर केसचे आधीचे फोटो नाहीत. आता ती केस मी कुणालाही दाखवू शकत नाही.

वाढत्या वयातल्या मुलांचं काम वेगळं. खालचा जबडा मागे असलेल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ट्विन ब्लॉक देतो. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांचं हे साधन. वरखालच्या दोन प्लेट्सचे तिरके ठोकळे एकमेकांवर असे बसतात की तोंड मिटताना जबडा आपोआप पुढे येतो. जेवतानाही घालायचं. मुलींची वाढ मुलग्यांआधी होते, म्हणून “दिवाळीत येतो” म्हणणाऱ्या मुलीच्या आईला मी हल्ली स्पष्ट सांगते की दिवाळी थांबेल, वाढ थांबणार नाही. एका मुलाचा ट्विन ब्लॉक सहा महिने काहीच फरक दाखवत नव्हता. आई शपथेवर सांगायची, “मॅडम, चोवीस तास घालतो हो.” शेवटी तिला तो त्याच्या कंपासपेटीत सापडला, कर्कटकाशेजारी.

माझं क्लिनिक आता साताऱ्याकडे, उसाच्या पट्ट्यात आहे. सूची देऊन “कडक खाऊ नका” म्हटलं की कुणी ऐकत नाही. नाव घेऊन सांगावं लागतं: ऊस दाताने सोलायचा नाही, कणीस दाणे काढून, पेरू चिरून, चिक्की नाहीच. संक्रांतीनंतरचा आठवडा मी सुटलेले ब्रॅकेट चिकटवण्यासाठीच राखून ठेवते. आणि सुटलेला ब्रॅकेट दिसला की पेशंटवर ओरडण्याआधी स्वतःला विचारा, ब्रॅकेटआधी दाताला आम्ल लावतो त्या एचिंगनंतर दात नीट कोरडा केला होता का? थुंकी लागली होती का? निम्म्या वेळा उत्तर आपल्याकडेच असतं.

अलायनरबद्दल, म्हणजे तारेऐवजी घालायच्या पारदर्शक प्लास्टिक ट्रेंबद्दल, ज्युनिअर हमखास विचारतात: “मॅडम, आता सगळं प्लास्टिकवर जाणार, मग तारा कशाला शिकायच्या?” प्रत्येक ट्रे दात साधारण पाव मिलिमीटर हलवतो आणि दिवसाचे वीस-बावीस तास तोंडात असावा लागतो. संगणकाच्या पडद्यावर दात टायपोडॉन्टसारखेच झरझर सरकतात. कंपनीकडून आलेला आराखडा पाहून “हा सुळा इतका फिरणार नाही” असं ज्याला म्हणता येतं, त्यानेच तो मंजूर करावा. माझ्या ओळखीत हे म्हणू शकणारे सगळे आधी तारेवर चुकलेले आहेत.

डिबाँडच्या दिवशी पेशंट जीभ फिरवत आरशात बघत असतो, आणि नेमकं तेव्हाच रिटेनरचं, म्हणजे दात परत हलू नयेत म्हणून घालायच्या साधनाचं, सांगायचं असतं. तो ऐकत नाही. म्हणून मी ते आता आदल्या व्हिजिटला सांगते, आईला सोबत बसवून. तरी गेल्या महिन्यात एक मुलगी आली. लग्न तीन आठवड्यांवर, खालचे दोन दात पुन्हा वळलेले. हॉटेलात जेवताना रिटेनर टिश्यूत गुंडाळून ठेवला होता आणि वेटरने ताटासोबत उचलून नेला. “कधी?” मी विचारलं. “दोन वर्षं झाली, ताई.” मी तिचं माप घेतलं, आणि ०.०१४ ची नायटी काढायला ड्रॉवर उघडला.