दुर्बिणीचा आरसा घासताना प्लास्टरच्या टूलवरून टाइल्स सुटतात? माझा अनुभव

६ इंची, एफ/८ (केंद्रांतर व्यासाच्या आठपट) आरसा. टूल म्हणजे टाइल्स लावलेली प्लास्टरची चकती, तिच्यावर आरसा घासतात. ८० नंबर कार्बोरंडमवर (घासायची भरड पूड) थोडं घासलं की टूलच्या कडेच्या टाइल्स निघत, खालचं प्लास्टर पिठूळ झालेलं असे. फेव्हिक्विक, नवी टाइल, प्लास्टरचा जाड थर, कशानेच फरक पडला नाही. फार वैताग आला. मूळ दुखणं प्लास्टरमध्ये मुरणारं पाणी.

जमलं ते असं. खोलगट केलेल्या आरशावर क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ प्लास्टिक) ताणून बसवली, भोवती प्लास्टिक पट्टीची भिंत. साधं पीओपी सोडून दातांच्या लॅबमधला डेंटल स्टोन (साच्यांसाठीचं जास्त कठीण प्लास्टर) घेतला: १०० ग्रॅमला ३० मिली पाणी, वजन करूनच. पाण्यात पावडर टाकायची, उलट नाही. ओतून भिंतीवर टिचक्या मारल्या, बुडबुडे वर आले. घट्ट झाल्यावर काढून वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवलं. ही पायरी सर्वांत महत्त्वाची, कारण ओल्या पृष्ठावर इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) धरत नाही. मग सगळ्या बाजूंनी, तळालाही, पातळ इपॉक्सी लावलं, म्हणजे पाणी मुरत नाही.

ते वाळल्यावर पॉलिश पेपरने खरवडून २५ मिमीच्या बिनग्लेझच्या टाइल्स इपॉक्सीने लावल्या. टूलचा मध्य टाइलच्या मध्यावर किंवा फटींच्या चौकात येऊ देऊ नका, आरशावर वलयं उठतात. इपॉक्सी ओलं असतानाच फिल्म लावलेल्या आरशावर टूल उपडं ठेवलं, म्हणजे टाइल्स वक्रतेत बसतात. १२० नंबरच्या (आणखी बारीक) पुडीचं घासणं संपलं, एकही टाइल हललेली नाही.