क्लिव्हियाला फुलं हवी असतील तर आत्ता पाणी तोडा

तुळशीचं लग्न झालं की मला क्लिव्हियाचे, म्हणजे केशरी फुलांच्या या सावलीतल्या कुंडीच्या झाडाचे, फोटो यायला लागतात. पानं हिरवीगार, चकचकीत, कुंडी गच्च भरलेली आणि खाली एकच प्रश्न, दादा चार वर्षं झाली, याला फूल का येत नाही? मी उलट एवढंच विचारतो की थंडीत पाणी किती देता. उत्तर ठरलेलं, "एक दिवसाआड, थोडंसंच." झालं, तिथंच वर्षाची फुलं गेली.

हे पुणे, नाशिक, नगर, सातारा, संभाजीनगर इकडच्या कुंडीवाल्यांसाठी लिहितोय, आणि आत्ताच लिहितोय कारण मार्गशीर्ष-पौष हे दोनच महिने आपल्या हातात असतात. ते गेले की मग कितीही खत घाला, पुढच्या वर्षीपर्यंत बसून राहायचं.

ज्यांच्या घरी मोसंबी नाहीतर डाळिंब आहे त्यांना मला फार समजवायला लागत नाही. आंबे बहार, म्हणजे आंब्याला मोहोर येतो त्या वेळची फुलं, धरायचा म्हणजे बागेला ताण द्यायचा, पाणी तोडायचं, हलक्या रानात महिना-दीड महिना आणि भारी रानात त्याहून जास्त, हे त्यांना घरातच शिकायला मिळालेलं असतं. पण तोच माणूस शहरात फ्लॅटमध्ये आला आणि त्याला कुंडीतलं झाड दिलं की दया येते, सुकेल बिचारं म्हणून रोज ग्लासभर पाणी. अहो, क्लिव्हियाला पण ताणच लागतो! फरक एवढाच की मोसंबीची पानगळ बघून आपण ताण बसला म्हणतो, इथं पानं गाळायची नाहीत, हे सदाहरित झाड आहे, इथं कोरड आणि थंडी दोन्ही मिळून ताण होतो.

हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागातलं, क्वाझुलू-नाताल, ईस्टर्न केप तिकडच्या जंगलातलं. मोठ्या झाडांच्या सावलीत, कुजलेल्या पाल्यात वाढतं. तिकडे पाऊस उन्हाळ्यात आणि हिवाळा कोरडा, गार. म्हणून याची मुळं बघा कधी कुंडीतून काढून, पांढरी, करंगळीएवढी जाड, पाण्याने भरलेली. दोन महिने पाणी नाही मिळालं तरी ते झाड स्वतःच्या मुळावर आरामात जगतं. मरतं ते पाण्याने.

आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते. कळी नसतेच असं नाही, ती पानांच्या आत तयार होऊन बसलेली असते, तिला दांडा लांबवायला थंडी लागते. थंडी पुरी पडली नाही नाहीतर मधेच पाणी मिळालं की दांडा दोन इंचावर थांबतो. गेल्या माघात आमच्या सोसायटीतल्या काकूंनी बोलावलं, म्हणाल्या याला आतून वास येतोय. मी बोटांनी पानं बाजूला केली तर खाली अगदी बुडाशी बारा-तेरा केशरी कळ्या एकमेकीत दाबलेल्या, दोन तिथंच आडव्या उमललेल्या, बाकीच्या कुजून चिकट झालेल्या. काकूंना वाटत होतं झाड वांझ आहे. झाडाने दर वर्षी फूल काढलं असणार, बाहेर यायला वाट मिळाली नाही. कुंडी तुळशीशेजारीच होती, सकाळी तुळशीला घालून उरलेलं तांब्यातलं पाणी थेट क्लिव्हियाच्या पोटात, म्हणजे पानांच्या मधल्या बेचक्यात, रोज. त्यांना मी कुंडी फक्त तिथून हलवायला लावली.

तर आता काय करायचं.

खत दिवाळीलाच बंद व्हायला हवं होतं, नसेल केलं तर आज बंद. मार्गशीर्ष लागला की पाणी तोडा. कुंडी हॉलमधून, टीव्हीच्या बाजूने, फ्रिजच्या वरून, जिथं असेल तिथून उचला आणि बाहेर बाल्कनीत किंवा गच्चीवर उजेडाच्या सावलीत ठेवा. पूर्वेचं सकाळी आठ-नऊपर्यंतचं ऊन चालतं, दुपारचं नाही, पान भाजतं. रात्रीचं तापमान ८ ते १३ अंशांत सहा ते आठ आठवडे मिळालं पाहिजे. पुणेकरांनी तर तक्रारच करू नये, डिसेंबर-जानेवारीत शिवाजीनगरचं किमान कितीदा तरी महाबळेश्वरच्या खाली जातं, एवढी चांगली थंडी दाराबाहेर असताना झाड घरात कोंडून ठेवायचं म्हणजे वाईट वाटतं बघून.

माझा अंदाज असा की गच्चीच्या फरशीवर टेकलेली मातीची कुंडी प्लास्टिकपेक्षा एक-दोन अंश जास्त गार होते, माझ्याकडे मातीच्या कुंडीतली झाडं दर वेळी आठवडाभर आधी दांडा काढतात. पण त्यासाठी आत्ता कुंडी बदलू नका.

ताणात पाणी द्यायचं की नाही हे बोट घालून बघू नका, कुंडी उचलून बघा. रोज उचलली की आठवड्यात हाताला वजन कळतं. कुंडी हलकी लागतेय आणि पानं कडक आहेत तर काही करायचं नाही. पान बोटात धरून वाकवल्यावर चामड्यासारखं लुळं लागलं तर तीन-चार आठवड्यांतून एकदा अर्धा कप पाणी, तेही कुंडीच्या कडेने, मधल्या पोटात थेंबही नाही. पोटात पाणी साचलं की बुंधा कुजतो.

आता हवामानाचं, आणि हे जास्त महत्त्वाचं. डिसेंबरात बंगालच्या उपसागरात काही झालं की इकडे आभाळ येतं, दोन-तीन दिवस बुरबुर पाऊस, रात्री १७-१८ अंशांवर जातात. द्राक्षवाले तेव्हा फवारणीला पळतात आणि कुंडीवाले झोपलेले असतात. एका रात्रीच्या अवकाळीने तीन आठवड्यांचा ताण मोडतो! आभाळ आलं की त्याच संध्याकाळी कुंडी छताखाली ओढा, अंदाज खरा ठरतो का याची वाट बघू नका. आणि ते ढगाळ उबदार दिवस मोजायचे नाहीत, थंडी परत आली की तेवढे दिवस पुढे वाढवा. निफाडकडच्यांना उलटी काळजी, पारा ५ च्या खाली जाऊन द्राक्षबागेत शेकोट्या पेटायला लागल्या की क्लिव्हिया रात्रीपुरता आत घ्या, दव गोठलं तर पानं काळी पडतात.

संक्रांतीच्या मागेपुढे पानांच्या मधून चपटा हिरवा दांडा दिसेल. इथं दुसऱ्यांदा घात होतो. दांडा दिसला की लोक आनंदाने पाणी ओततात आणि तो तिथंच थांबतो. थांबा. दांडा पाच-सहा इंच वर येऊ द्या, मग पाणी सुरू, आधी थोडं, आठवड्यात नेहमीसारखं. कुंडीची दिशा तेव्हा फिरवू नका. आठ आठवडे थंडी मिळूनही दांडा दिसला नाही तर पानं मोजा, बारा-तेराच्या खाली असतील तर झाड अजून लहान आहे, बी पासून केलेलं झाड तीन ते पाच वर्षं घेतं. फेब्रुवारीत पाणी सुरू करा आणि पुढच्या मार्गशीर्षाची वाट बघा.

दुकानातल्या बाटल्यांचं काय? मला एका दुकानात साडेचारशेची "ब्लूम बूस्टर" दिली होती, ऐन डिसेंबरात, "सर थंडीत हेच लागतं" म्हणून. मी दिली एका झाडाला. त्या झाडाची मुळं टोकाकडून तपकिरी झाली आणि त्या वर्षी फूल नाही, शेजारच्या कोरड्या ठेवलेल्या झाडाला सतरा फुलांचा गुच्छ. ०:५२:३४ हे स्फुरद-पालाशचं खत द्राक्षाला चांगलं असेल, पण झोपलेल्या झाडाच्या कोरड्या मुळांवर क्षार टाकले तर ती भाजणारच. थंडी फुकट मिळते म्हणून दुकानदार ती सांगत नाही. पिवळ्या फुलाचं, पट्ट्यापट्ट्यांच्या पानाचं म्हणून हजारो रुपये सांगतात त्यांच्याही नादी लागू नका. चीनमध्ये चांगचुन शहरात १९८० च्या दशकात याच झाडाच्या किमती वेड्यासारख्या चढल्या होत्या आणि १९८५ ला कोसळल्या, लोकांचे पैसे बुडाले. साध्या केशरी झाडाचा फुटवा कुणाकडून मागून घ्या, तो सगळ्यात चिवट.

(नाव क्लाइव्हवरून आहे हो. प्लासीचा जो क्लाइव्ह, तोच १७५६ मध्ये आंग्र्यांचा विजयदुर्ग घेणाऱ्यांत होता, त्याची नात शार्लट, तिच्या नावाने लिंडली या शास्त्रज्ञाने १८२८ मध्ये झाडाचं नाव ठेवलं. म्हणून काही जण क्लायव्हिया म्हणतात. झाडाचा त्यात काही दोष नाही.)

बाकीची नेहमीची कामं:

– माती: नारळाच्या सोडणाचे तुकडे, विटांचे बारीक तुकडे, पालापाचोळ्याचं खत, जाड वाळू. काळी माती नको, नुसतं कोकोपीट नको.
– कुंडी: मुळांनी गच्च भरलेलीच बरी. तीन-चार वर्षांनी बदला, फुलं झाल्यावर, एकच माप मोठी.
– खत: जून ते सप्टेंबर १९:१९:१९ एक ग्रॅम प्रति लिटर, पंधरा दिवसांनी. नाहीतर मूठभर गांडूळखत महिन्याला.
– पावसाळा: पागोळ्यांखाली ठेवू नका. कुंडीखाली ताटली नको.
– मूळकूज: कुजलेलं कापा, दोन दिवस सावलीत सुकवा, कॉपर ऑक्सिक्लोराइड (बुरशीनाशक) अडीच ग्रॅम प्रति लिटर, नवीन कोरड्या मातीत लावा.
– पिठ्या ढेकूण: पानांच्या बेचक्यात बघा. स्पिरिटचा बोळा. जास्त असेल तर व्हर्टिसिलियम लेकॅनी (किडीला मारणारी बुरशी) पाच ग्रॅम प्रति लिटर, संध्याकाळी.
– लिलीवरची काळी ठिपक्यांची अळी: हाताने वेचा, निंबोळी अर्क ५ टक्के.
– फुलं झाल्यावर: दांडा बुडातून कापा. बी धरायला ठेवलंत तर फळ लाल व्हायला नऊएक महिने जातात आणि झाड थकतं.
– चीक, मुळं, फळं विषारी आहेत. लहान मुलं, कुत्रं, मांजर लांब. कापल्यावर हात धुवा.

मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्यातले लोक विचारतात आम्ही काय करू. तुमच्याकडे रात्री सलग दोन महिने १३ अंशांच्या आसपास राहतच नाहीत, नर्सरीवाला काहीही सांगो. एसीच्या खोलीत ठेवून जमत नाही, तिथं उजेड नसतो. त्यापेक्षा फुटबॉल लिलीचा कंद घ्या, त्याच कुळातला आहे. थंडीत पानं पिवळी पडून झोपली की पाणी बंद करा, कुंडी कोरडी एका कोपऱ्यात ठेवा आणि एप्रिलअखेरपर्यंत तिला हातही लावू नका, मे महिन्यात नुसत्या मातीतून लाल चेंडू वर येतो.